खांबांवरच्या रेघा

माझा मेव्हणा जर्मनीला गेला आणि मी कुवेतमध्ये शुवैखच्या वर्कशॉपात रंधा मारत राहिलो, ही गोष्ट मला अजूनही सरळ तोंडाने सांगता येत नाही. सांगायला लागलो की आवाज चढतो. बायको फोनवर म्हणते, तुमच्या पोटात दुखतं ते इथे गावापर्यंत ऐकू येतं. खोटं नाही तिचं. जळका स्वभाव माझा लहानपणापासूनचा. शाळेत शेजारच्याला नवी पाटी मिळाली तरी मला जेवण जायचं नाही. पण जर्मनीच्या वेळी जे झालं ते नुसत्या जळण्यावर थांबलं नाही.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. त्याला कुवेतला आणला कोणी? मी. आमच्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, मागे चार महिने लकडा लावला तेव्हा त्याचा व्हिसा निघाला. विमानतळावर घ्यायला गेलो मी. फरवानियातल्या आमच्या खोलीत माझ्या खाटेशेजारी त्याची खाट लावली मी. इकाम्याच्या, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याच्या, कागदांसाठी त्याच्याबरोबर रांगेत उभा राहिलो तोही मीच. सुतारकाम तो रत्नागिरीला आयटीआयमध्ये शिकला होता. म्हणजे कागदावर शिकला होता. लाकडाचा तुकडा हातात घेऊन तो कुठे फाटेल हे त्याला सांगता यायचं नाही. ते मी शिकवलं, रागावून, हातातली पटाशी काढून घेऊन, परत देऊन. त्याने कधी उलट उत्तर केलं नाही. कामाची एखादी गोष्ट अडली की भर वर्कशॉपात सगळ्यांसमोर हाक मारायचा, भावोजी, हे बघा जरा. मला ते आवडायचं. कशाला नाही म्हणू.

मग वर्कशॉपात राउटरचं मशीन आलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीनमध्ये फळी घालायची, आणि मशीन एकासारखी एक शंभर फळ्या कापून देतं. ते मशीन मेव्हण्याला चालवता यायला लागलं. दोन वर्षांत मुदीर माझ्याआधी त्याला विचारायला लागला. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ना, ते हे.

त्या वर्षी उन्हाळ्यात एक कुवेती गृहस्थ वर्कशॉपात आले. चाळिशीचे, मऊ बोलणारे. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, फोरमनने त्यांना माझ्या टेबलापर्यंत आणलं म्हणून त्यांचं बोलणं मी ऐकलं. इतक्या वर्षांत अरबी बोलता येत नसली तरी समजते मला. त्यांच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन जर्मनीत झालं होतं. ऑपरेशननंतर म्हाताऱ्यांना एका छोट्या गावातल्या व्यायामाच्या इस्पितळात ठेवलं होतं, पाच महिने. त्या गावात म्हातारे रोज सकाळी एका जुन्या लांबलचक घरासमोरून चालायचे. आधी वॉकर घेऊन, मग काठी घेऊन. परत आले तेव्हा चांगले चालत होते. इथे आल्यावर महिनाभरात खुर्चीत बसले ते बसलेच. घरात लिफ्ट, हाताखाली चार माणसं, दारात गाडी. चला म्हटलं की म्हणायचे, इथे चालून जायचं कुठे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिवाळा संपेपर्यंत पाय हलले नाहीत तर पुढे हलणार नाहीत.

म्हणून मुलाच्या मनात आलं की ते घरच इथे उभं करायचं. अबू हलीफाला समुद्राजवळ त्यांची जागा होती, तिथे कॉफीचं दुकान काढायचं चाललं होतं. दुकानाची दर्शनी बाजू हुबेहूब त्या घरासारखी हवी, समोर फरसबंदी हवी, बाक हवा. कॉफी हे निमित्त आहे, मला बाबांना उठवायचं आहे, असं ते गृहस्थ म्हणाले. मुदीर गंभीर झाला. मी माझ्या वडिलांची आठवण काढली आणि मनात म्हटलं, हे काम आपण जीव ओतून करायचं. तेव्हा खरंच तसं म्हटलं होतं.

आठवडाभराने कळलं की ते गृहस्थ ड्रॉइंगवाल्या इंजिनियरला आठ दिवसांसाठी त्या गावात पाठवणार आहेत आणि बरोबर एक सुतारही जाणार आहे. घराला हात लावून बघणारा माणूस हवा होता त्यांना. आता वर्कशॉपात लाकडाचं अख्खं घर स्वतःच्या हाताने उभं केलेला माणूस एकच. मी कोणाला काही बोललो नाही. गुपचूप शुक्रवारी फरवानियाच्या बाजारात गेलो. जर्मनी म्हणजे बारा महिने थंडी, अशी माझी समजूत. बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आणि मी दुकानात जाड अस्तराचं जॅकेट अंगात घालून आरशात बघतोय. दुकानदार मल्याळी होता. तो हसला, मीही हसलो. जॅकेट घेतलं, कानटोपी घेतली, पिशवी खाटेखाली ढकलली.

सोमवारी मुदीरने मेव्हण्याचं नाव सांगितलं. त्याला इंग्रजी येतं, तो मापं थेट कॉम्प्युटरमध्ये घालेल, असं कारण दिलं. मी म्हटलं, बरोबर आहे. मेव्हणा माझ्याकडे बघत होता. संध्याकाळी खोलीत तो म्हणाला की भावोजी, मी मुदीरला सांगून बघतो, तुम्हालाच जायला पाहिजे. मी म्हटलं, गप रे, मला कुठे थंडी सोसते. आणि खाटेखालची पिशवी काढून त्याच्या अंगावर टाकली. तुझ्यासाठीच आणून ठेवलं होतं म्हटलं. त्याला ते जॅकेट माझ्यापेक्षा चांगलं बसलं. खांद्यात अगदी बेतलेलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, पित्ताचं निमित्त सांगितलं.

तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीतल्या चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. नदी, नदीवर दगडी पूल, चढावर वसलेलं गाव, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना काळ्या लाकडांची आणि पांढऱ्या भिंतींची घरं. खोलीतले दोघे, एक वेल्डर आणि एक इस्पितळात मशीन दुरुस्त करणारा, फोटो मोठे करून करून बघायचे. काय नशीब काढलंन पोराने, म्हणायचे. मी भाजी चिरत असायचो. वर बघायचो नाही. मग सगळे झोपले, किंवा मी न्हाणीघरात गेलो, की दार लावून तेच फोटो बोटांनी ताणून ताणून बघायचो.

आणि बघताना मला काय दिसावं? अहो, कूड! आमच्या कोकणातला कूड. लाकडी चौकट उभी करायची, चौकटीच्या मधल्या जागेत काठ्या विणायच्या, वरून माती नि शेण-भुसा लिंपायचा. तिथे शेणाऐवजी चुना आणि गवत असेल, पण रीत तीच. खांब, तुळया, तिरके आधार, आणि सांध्यासांध्यात लोखंडी खिळ्याऐवजी लाकडी मेख. माझ्या वडिलांनी अशी घरं बांधली होती, गावात नि गावाबाहेर. वडिलांनी आमच्यासाठी बांधलेलं कुडाचं घर मी कुवेतच्या पहिल्या पाच वर्षांत पाडलं आणि त्या जागी स्लॅबचं बांधलं. सगळ्या गावाने शाबासकी दिली. आणि इथे हे जर्मन लोक तीन-चारशे वर्षांचं कुडाचं घर रंग देऊन, फुलांच्या कुंड्या लावून राहतायत. मेव्हण्याने सांगितलं की त्या गावात घराची खिडकी बदलायची तरी पंचायतीची परवानगी लागते. मला मेव्हण्याचा राग होताच, आता त्या गावाचाही यायला लागला. ज्याला आपण मागासलेपण समजून पाडतो तेच दुसरा मिरवतो तेव्हा माणसाने बघायचं कुठे?

रोज संध्याकाळी त्याचा लांब व्हॉइस मेसेज यायचा. गावाचा इतिहास त्याला कोणी म्हातारी सांगायची, इंजिनियर इंग्रजीत करून द्यायचा, हा आम्हाला मराठीत. खालच्या आळीत नदीकाठी कातडं कमावणारे राहायचे, वरच्या आळीत लोकर विणणारे. एकदा आग लागून खालची आळी अख्खी जळाली. मग गावाने ठरवलं की पुढे कोणी छपराला गवत घालायचं नाही, कौल किंवा दगडी पाटी घालायची. जागा थोडी म्हणून वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा हातभर पुढे काढलेला, इतका की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका एकमेकींना मीठ देत असतील. माळ्याच्या तोंडाशी एक तुळई बाहेर आलेली, तिला कप्पी लावून लोकरीचे गठ्ठे वर ओढायचे. पूर्वी नदीला पूर किती चढला त्याच्या खुणा त्यांच्या देवळाच्या, चर्चच्या, भिंतीवर कोरलेल्या. लढाईत गाव वाचलं, कारण पाडण्यासारखं तिथे काही नव्हतंच, ना कारखाना ना स्टेशन. आणि ज्या घराचं आम्हाला काम होतं ते लोकरवाल्यांचं गोदाम होतं. म्हणून ते एवढं लांब. पुढच्या बाजूला नऊ खांब, बाकीची घरं तीन-चार खांबांची.

चांगलं सांगायचा तो. मी ऐकायचो आणि मला वाटायचं, हे सगळं ह्याच्या डोळ्यांना काय कामाचं? ह्याला कुडातलं काय कळतंय? तिथे मी असतो तर त्या तुळईला हात लावून सांगितलं असतं की झाड कुठल्या अंगाने वाढलं होतं.

पाचव्या दिवशी त्याने मला एकट्याला नऊ फोटो पाठवले. नऊ खांबांचे, जवळून. प्रत्येक खांबावर साधारण डोक्याच्या उंचीला पटाशीने कापलेल्या रेघा. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर चार. पाचव्यावर दोन तिरक्या रेघा खाली एकत्र आलेल्या, पुढे त्याच तिरक्यांच्या बाजूला आणखी उभ्या. खाली त्याचा आवाज: "भावोजी, ह्या रेघा कसल्या हो? इंजिनियरला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मला वाटायची गरज नव्हती, मला ठाऊक होतं. वडील घराची लाकडं आमच्या अंगणात कापायचे. तिथेच सगळी चौकट एकदा जमिनीवर आडवी जोडून बघायचे, मग प्रत्येक खांबावर आणि त्याला लागणाऱ्या तुळईवर पटाशीने खूण करायचे, एकाला एक, दुसऱ्याला दोन. मग सगळं सोडवून बैलगाडीने घराच्या जागी न्यायचे. तिथे खुणेला खूण जुळवली की घर उभं. लहानपणी त्या रेघा मोजायचं काम माझं होतं. मेव्हण्याच्या लहानपणी गावात स्लॅब आले होते. त्याने घर असं उभं राहताना कधी पाहिलंच नाही, त्याला कुठून कळणार.

एका ओळीत सांगता आलं असतं. फोन हातात घेऊन मी संडासाच्या दाराला टेकून उभा होतो. आणि डोक्यात एकच: जर्मनीला जायला हा, आणि रेघा सांगायला मी? फुकटात? उद्या हा मुदीरसमोर सांगेल, ह्या सुतारांच्या खुणा आहेत, आणि मुदीर म्हणेल वा. मी लिहिलं, नक्षी असेल काहीतरी. त्याने लगेच अंगठा पाठवला. त्याचा माझ्या शब्दावर किती विश्वास होता ते त्या अंगठ्यावरून कळायला हवं होतं मला. कळलंही. तरी फोन खिशात टाकला आणि भात टाकायला गेलो.

तो परत आला. चॉकलेटं आणलीन, मला एक चामड्याचं पटाशीचं म्यान आणलंन. काम सुरू झालं. ओकची जुनी दिसणारी लाकडं आली, सांधे मी केले, मेखा मी ठोकल्या. फोरमनने म्हटलं, असे सांधे कुवेतात कोणी पाहिले नसतील. ते ऐकून थोडं बरं वाटलं. मग रेघांची वेळ आली. मेव्हण्याने मुदीरला समजावलं की जुन्या सुतारांकडे मशीन नव्हतं, म्हणून त्यांची नक्षी प्रत्येक खांबावर कमी-जास्त झाली आहे, आपण एक चांगली निवडून सगळीकडे एकसारखी करू. त्याने चौथ्या खांबाची निवडली. चार उभ्या रेघा, डोळ्याला बऱ्या दिसत होत्या. राउटरने नऊच्या नऊ खांबांवर चार-चार रेघा कापल्या, एका मापात, एका खोलीच्या. वर काळं भरलं. मेव्हण्याने मला विचारलं, भावोजी, कसं दिसतंय? मी म्हटलं, झकास.

सांगतो ना, गंमत वाटत होती मला. कोणीतरी जाणता माणूस कधीतरी येईल, त्या रेघा बघेल आणि ह्याला हसेल, एवढंच माझ्या मनात होतं. तोंडावर पडू दे एकदा. त्यापलीकडे कोणाचं काही बिघडेल असं मला वाटलं नव्हतं. कोणाचं काय बिघडायचं होतं रेघांनी?

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी म्हाताऱ्यांना आणायचं ठरलं. दुकान अजून उघडलं नव्हतं. फक्त घरची माणसं, मुदीर, फोरमन आणि आम्ही दोघं. हवा छान होती, समुद्रावरून वारा येत होता. दर्शनी भिंत खरोखर सुंदर झाली होती, माझा जळफळाट बाजूला ठेवून सांगतो. म्हातारे गाडीतून उतरून चाकाच्या खुर्चीत बसले. मान खाली. मुलाने खुर्ची फरसबंदीवर वळवली आणि त्यांनी मान वर केली. मग काठी मागितली.

मुलगा धावत गाडीकडे गेला, काठी आणलीन. दोघे धरायला गेले तर म्हाताऱ्यांनी हाताने दूर केलं. उठले. पाय थरथरत होते, पण उठले. घरातली एक बाई रडायलाच लागली. म्हातारे पहिल्या खांबापाशी गेले, हात वर करून रेघांवर बोट फिरवलं, आणि थांबले. परत बोट फिरवलं. मग दुसऱ्या खांबाकडे निघाले. चार पावलं असतील, पण किती वेळ लागला त्याला. दुसऱ्या खांबावर बोट ठेवून हळू आवाजात मोजलं. वाहिद, इथनेन, तलाता, अरबा. तिसऱ्यापाशी गेले. तिथेही मोजलं. अरबा. चौथ्यापर्यंत ते गेले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "मी चालतोय, आणि आहे तिथेच आहे."

मुलाला काही कळेना. मग म्हाताऱ्यांनीच तुटक तुटक सांगितलं. तिथे व्यायाम करून घेणारी बाई होती. तिने त्यांना पहिल्या दिवशी एकपर्यंत नेलं होतं. आठवड्याने दोनपर्यंत. रेघेवर बोट ठेवल्याशिवाय ती परतू द्यायची नाही. चार गाठायला दीड महिना लागला होता. शेवटच्या आठवड्यात ते नऊला पोचले आणि त्या बाईने टाळ्या वाजवल्या. हे सगळं ते फरसबंदीकडे बघत बोलले. मग खुर्ची मागितली, बसले, आणि घरी न्या म्हणाले.

गाडी निघायच्या आतच मुदीर मेव्हण्यावर सुटला. आठ दिवस कशाला पाठवला होता तुला, फोटो काढायला? मेव्हण्याने खाली बघून ऐकून घेतलं. म्हणाला, चूक माझी आहे, मला नक्षी वाटली. भावोजींनी तसं सांगितलं, हे शब्द त्याच्या तोंडातून आले नाहीत. मी दोन हातांवर उभा होतो. मूग गिळून. गिऱ्हाइकासमोर, मुदीरसमोर तो तोंडावर पडला होता, अगदी मला हवा होता तसा. आणि मला त्याच्याकडे बघवेना.

परत येताना वर्कशॉपच्या पिकअपमध्ये मागे आम्ही दोघंच होतो. शुवैख आलं. गेटच्या आत गाडी थांबली तेव्हा म्हटलं, मला ठाऊक होतं. काय ठाऊक होतं, त्याने विचारलं. मी वडिलांचं, अंगणाचं, बैलगाडीचं सगळं सांगितलं. पाचव्या दिवशीच ठाऊक होतं हेही सांगितलं. का सांगितलं नाही, हे त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी ते तयार ठेवलं होतं. तो विचारेना. शेवटी मीच म्हटलं, तू गेलास म्हणून. माझा जीव जळत होता म्हणून.

तो पिकअपच्या कडेला हात धरून बसला होता. म्हणाला, "मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, भावोजी. म्हटलं, एक तरी गोष्ट आहे जी तुम्हालाही ठाऊक नाही."

मग खाली उतरला आणि मशीनकडे गेला.

दुरुस्ती अबू हलीफाला जागेवरच, माझ्या हाताने केली. मुदीरला मी म्हटलं, मशीन नको, हे पटाशीचं काम आहे. मेव्हण्याने नऊ फोटो मोठे छापून आणून माझ्या टेबलावर ठेवले. चौथा खांब सोडून बाकी सगळ्यांवरचं लाकूड चौकोनी कापून काढलं, त्याच ओकचे तुकडे नसा जुळवून बसवले, आणि त्यांवर पटाशीने खुणा कापल्या. एक, दोन, तीन. पाचाच्या दोन तिरक्या. पटाशीचा एक ठोका कमी लागला तर कमी, जास्त तर जास्त, फोटोत होतं तसं. पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत मेव्हणा माझ्याशी कामापुरतं बोलला. लाकूड आणू का. झालं का. दिवा सरकवू का. हे बघा जरा म्हणाला नाही.

खोलीत तो जेवायला बसायचा वेल्डरच्या बाजूला. बायकोचा फोन आला तर तिच्याशी माझ्याविषयी एक वाकडा शब्द बोलला नाही. ते मला तिच्या बोलण्यावरून कळत होतं, कारण ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलायची. त्याने सांगितलं असतं तर ती मला फाडून खाती. तेच बरं झालं असतं.

पुढच्या शुक्रवारी मुलगा म्हाताऱ्यांना परत घेऊन आला. ते यायला तयार नव्हते म्हणे. खांबांवरच्या रेघा बदलल्या आहेत, नुसतं गाडीतून बघा, असं म्हणून आणलं होतं. गाडी फरसबंदीच्या कडेला उभी राहिली, काच खाली झाली. म्हातारे आतूनच बघत होते. पहिल्या खांबाकडे, मग दुसऱ्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. नवव्यापर्यंत नजर गेली. मग दार उघडलं.

मुलाने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. इकडेतिकडे बघून त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. बहुतेक गेल्या वेळी त्याला बोलणी बसली ते गाडीतून त्यांच्या कानावर गेलं होतं. मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले. एका हातात काठी, एका हाताखाली माझा मेव्हणा. पहिल्या खांबावर बोट ठेवलं, वाहिद. दुसऱ्यावर दोन रेघा बोटाने दोनदा मोजल्या. तिसऱ्याला थांबून श्वास घेतला. मुलगा माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझं मनगट केव्हा धरलं ते त्यालाही कळलं नसेल. आणि खरं सांगू? त्या वेळीसुद्धा माझ्या मनात आलं की तो हात माझ्या खांद्यावर असायला हवा होता. रेघा माझ्या होत्या. सोडत नाही हा स्वभाव माणसाला, मेलेला बरा.

चौथ्या खांबावर बोट ठेवून म्हातारे वळले. घामाने चेहरा भिजला होता. अरबा, ते म्हणाले, आणि पाच उद्या. मग खांबावर थोपटून त्यांनी विचारलं की हे कोणी कापलं.

फोरमनने माझ्याकडे बघितलं. मेव्हण्यानेही बघितलं, आठवड्यात पहिल्यांदाच सरळ. मेव्हण्याकडे बोट दाखवून मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं की ह्याने, हाच जर्मनीला जाऊन शिकून आला.

म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, दुआ दिली. मुलाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. मेव्हणा शुक्रन म्हणाला. म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि माझ्या जवळून जाताना माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "आता कशाला, भावोजी."